‘फाइन’ कुठे, कसा आणि किती: एका छोट्या विशेषणाचा नीट वापर

इंग्रजी शिकताना अगदी सुरुवातीला ‘हाउ आर यू?’ आणि ‘आय अ‍ॅम फाइन’ ही जोडी पाठ होते, आणि ‘फाइन म्हणजे छान’ अशी नोंद डोक्यात कायमची बसते. पुढचा बराचसा घोळ या एका नोंदीतून होतो. रोजच्या बोलण्यातला ‘फाइन’ ‘छान’पेक्षा पुष्कळ कमी सांगतो. तक्रार नाही, चालेल, काळजीचं कारण नाही, एवढाच त्याचा आवाका. हाच शब्द नामाच्या आधी आला की मात्र एकदम ‘उत्कृष्ट’पर्यंत चढतो, नाहीतर ‘बारीक’, ‘तलम’, ‘सूक्ष्म’ होतो. त्यामुळे शब्दकोशातले पंधरा अर्थ पाठ करण्यापेक्षा तीन गोष्टी क्रमाने पाहाव्यात: शब्द कुठे बसलाय, कशाबद्दल आहे आणि कोणत्या सुरात म्हटलाय.

आधी उच्चार

हा एकाच झटक्यात म्हणायचा शब्द आहे. ‘फा’ लांबवून ‘ईन’ वेगळा काढला की त्याचे दोन तुकडे पडतात. शेवटचा ई अक्षर फक्त लिहिण्यापुरता. तो उच्चारायचा नाही.

‘फ’कडे जास्त लक्ष द्यावं लागतं. वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकवून हवा सोडली की इंग्रजी एफ निघतो. दोन्ही ओठ पूर्ण मिटून ‘फ’ म्हटला तर इंग्रजी कानाला तो पी वाटतो, कारण इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा पी मुळातच थोडा हवेसकट उच्चारतात. मग आपण ‘फाइन’ म्हणतो आणि समोरच्याला ‘पाइन’, म्हणजे सूचिपर्णी झाडाचं नाव, ऐकू येतं. आरशात पाहून चार-पाच वेळा म्हणा. पहिल्या ध्वनीला ओठ एकमेकांना चिकटले तर चूक, दात दिसले तर बरोबर.

पहिली पायरी: जागा पाहा

मराठी व्याकरणात ज्याला विधिविशेषण म्हणतात, म्हणजे ‘मुलगी हुशार आहे’ यातल्या ‘हुशार’सारखं नामानंतर येणारं विशेषण, तसा ‘फाइन’ आला तर बहुतेक वेळा अर्थ ‘ठीक’ असा असतो.

‘शी इज फाइन.’ ती बरी आहे, तिला काही झालेलं नाही.
‘मंडे इज फाइन.’ सोमवार चालेल.
‘द फाइल लुक्स फाइन.’ फाइलमध्ये काही गडबड दिसत नाही.

तोच शब्द नामाच्या आधी आला की ‘ठीक’ हा अर्थ जवळजवळ नाहीसा होतो. ‘अ फाइन प्लेयर’ म्हणजे ठीकठाक खेळाडू नव्हे, उत्तम खेळाडू. ‘अ फाइन थ्रेड’ म्हणजे बारीक धागा. म्हणून ‘द टीचर इज फाइन’ आणि ‘शी इज अ फाइन टीचर’ या दोन वाक्यांत खूप अंतर आहे. पहिल्यात शिक्षिका सुखरूप आहेत, किंवा फार तर त्यांच्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्यात त्यांच्या शिकवण्याची मनापासून केलेली स्तुती आहे.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे. वाळू, पावडर, धागा, केस, रेघ, जाळी अशा ज्यांना जाडी किंवा कण असतात त्या वस्तूंबद्दल बोलताना ‘फाइन’ शेवटी आला तरी ‘बारीक’ असा अर्थ होऊ शकतो. ‘द सँड इज फाइन’ याचे दोन्ही अर्थ निघतात: वाळू बारीक आहे, किंवा ही वाळू चालेल. तिथे पुढची पायरी उपयोगी पडते.

दुसरी पायरी: ‘व्हेरी’ लावून पाहा

‘ठीक’ या अर्थाच्या ‘फाइन’ला कमी-जास्त करता येत नाही. गोष्ट एकतर चालते किंवा चालत नाही. म्हणूनच ‘आय अ‍ॅम व्हेरी फाइन’ हे वाक्य इंग्रजी कानाला खटकतं. ‘मी खूप छान आहे’ हे मराठी वाक्य डोक्यात ठेवून ते तयार झालेलं असतं. जोर द्यायचाच असेल तर ‘जस्ट’, ‘परफेक्टली’, ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ हे शब्द लावतात: ‘आय अ‍ॅम अ‍ॅब्सोल्यूटली फाइन.’ आणि तब्येत खरोखर मस्त असेल तर शब्दच बदलायचा: ‘आय अ‍ॅम व्हेरी वेल’ किंवा ‘आय अ‍ॅम ग्रेट’.

‘बारीक’ आणि ‘उत्तम’ या अर्थांना मात्र ‘व्हेरी’ सहज चालतो. ‘द सँड इज व्हेरी फाइन’ म्हटलं की शंका उरत नाही, वाळू फार बारीक आहे. ‘अ व्हेरी फाइन पेंटिंग’ म्हणजे फारच सुंदर चित्र. ‘फाइनर’ आणि ‘फाइनेस्ट’ ही रूपंही याच दोन अर्थांची. आजारातून उठलेल्या माणसाबद्दल ‘ही इज फाइनर टुडे’ म्हणत नाहीत. तिथे ‘बेटर’ हवं.

नकाराचंही असंच आहे. ‘आय अ‍ॅम नॉट फाइन टुडे’ हे ‘आज बरं वाटत नाही’चं शब्दशः रूप आहे. समजेल सगळ्यांना, पण असं सहसा कुणी म्हणत नाही. ‘आय अ‍ॅम नॉट फीलिंग वेल’ म्हणावं. कुणी पडलं, लागलं, रडताना दिसलं तर विचारायचा प्रश्नही ‘आर यू फाइन?’ नसून ‘आर यू ऑल राइट?’ किंवा ‘आर यू ओके?’ असा असतो. प्रश्नात ‘ऑल राइट’ आणि उत्तरात ‘फाइन’ अशी वाटणी लक्षात ठेवली की पुरे.

‘फाइन’ म्हणजे ‘नको’

हा वापर शाळेत सहसा कुणी शिकवत नाही आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त गैरसमज यातूनच होतात. तुम्ही पाहुण्याला विचारलंत, ‘वुड यू लाइक सम कॉफी?’ तो म्हणाला, ‘आय अ‍ॅम फाइन, थँक्स.’ हे होकारार्थी नाही. मी आहे तसा ठीक आहे, मला आणखी काही नको, असं तो सांगतोय. अमेरिकी बोलण्यात याच जागी ‘आय अ‍ॅम गुड’ ऐकू येतं, अर्थ तोच.

एखादा शब्द बदलला की होकाराचा नकार होतो. चार वाक्यं शेजारी ठेवून पाहा:

- ‘आय अ‍ॅम फाइन.’ नको.
- ‘कॉफी इज फाइन.’ कॉफी चालेल, आणा.
- ‘दॅट वुड बी फाइन.’ हो, चालेल.
- ‘आय अ‍ॅम फाइन विदाउट इट.’ त्याच्यावाचून माझं अडत नाही.

युक्ती सोपी आहे. कर्ता ‘मी’ असेल आणि पुढे काही जोडलेलं नसेल तर नकार. कर्ता ती वस्तू किंवा तो बेत असेल तर होकार. ‘आय अ‍ॅम फाइन विथ कॉफी’मध्ये कर्ता ‘मी’ असला तरी ‘विथ’ जोडलाय, म्हणून तोही होकार: कॉफी असली तरी माझी हरकत नाही. ऐकताना शंका आली तर ‘सो, नो कॉफी?’ असं सरळ विचारावं. त्यात काही कमीपणा नाही.

तिसरी पायरी: सूर

बोलताना आवाज किंचित वर नेऊन, पुढे दोन शब्द जोडून म्हटलेला ‘फाइन’ मोकळा वाटतो: ‘दॅट्स फाइन, नो प्रॉब्लेम.’ एकटा, तुटक, आवाज खाली पाडून म्हटलेला ‘फाइन’ म्हणजे ‘बरं, कर तुला काय करायचं ते’. वाद मिटल्याची ती खूण नसते. माणूस बोलणं थांबवतोय, एवढाच त्याचा अर्थ.

लेखी निरोपात आवाज नसतो, त्यामुळे तिथे धोका वाढतो. कुणी लिहिलं, ‘मला उद्याची बैठक परवावर ढकलावी लागेल,’ आणि तुम्ही फक्त ‘फाइन’ लिहून पूर्णविराम दिलात, तर वाचणाऱ्याला तुम्ही चिडलात असं वाटू शकतं. तुमच्या मनात राग नसतो, पण कागदावर तो दिसतो. उपाय एवढाच की शब्द एकटा सोडू नका. ‘फाइन विथ मी’, ‘दॅट्स फाइन, सी यू देन’, किंवा सरळ ‘शुअर’. वरिष्ठांना किंवा अनोळखी माणसाला लिहिताना तर एकटा ‘फाइन’ टाळावाच.

माफीच्या उत्तरातला ‘इट्स फाइन’ याच्या मधोमध बसतो. ‘सॉरी, उशीर झाला’ यावर ‘इट्स फाइन’ म्हणजे असू द्या. सूर मऊ असेल तर खरंच असू द्या. कोरडा असेल तर मनात राहिलंय.

कौतुकाच्या जागी ‘फाइन’ का कमी पडतो

कुणी मेहनतीने अहवाल केला आणि तुम्ही म्हणालात, ‘युअर रिपोर्ट इज फाइन.’ तुमच्या मनात ‘छान झालाय’ आहे. त्याने ऐकलं, ‘चालण्यासारखा आहे, बदल नकोत.’ जेवू घालणाऱ्याला ‘द फूड वॉज फाइन’ म्हटलं, नटून आलेल्या मैत्रिणीला ‘यू लुक फाइन’ म्हटलं, तरी तेच. या वाक्यांत चूक कुठेच नाही, व्याकरण शुद्ध आहे. फक्त ती समोरच्याला थोडी उदास करतात. अशा वेळी ‘एक्सलंट’, ‘डिलिशस’, ‘लव्हली’ असे ठसठशीत शब्द हवेत.

कौतुकात ‘फाइन’च वापरायचा असेल तर त्याला नामाआधी न्या: ‘यू हॅव डन अ फाइन जॉब.’ आता ती खरी शाबासकी झाली. थोडी प्रौढ, काहीशी जुन्या वळणाची, पण भरीव.

उलट दिशेने, दुसऱ्याकडून आलेला ‘फाइन’ वाचतानाही हेच ध्यानात ठेवा. मसुदा पाठवल्यावर ‘लुक्स फाइन टू मी’ असं उत्तर आलं तर ते मंजुरीचं आहे, पुढे पाठवायला हरकत नाही. त्यात नाराजी शोधू नका.

बारीक, तलम, सूक्ष्म

हा अर्थ नीट बसवण्यासाठी विरुद्धार्थी शब्द विचारावा. तो प्रत्येक क्षेत्रात वेगळा आहे आणि तिथेच अर्थ उघडतो.

कणांच्या बाबतीत विरुद्ध शब्द ‘कोर्स’, म्हणजे भरड, जाडसर. वाळूच्या कणांचं वर्गीकरण करणाऱ्या प्रचलित मोजपट्टीत ‘फाइन सँड’ म्हणजे 0.125 ते 0.25 मिलिमीटर व्यासाचे कण. हवेच्या प्रदूषणात ‘फाइन पार्टिकल्स’ म्हणजे 2.5 मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे, ज्यांना पीएम 2.5 म्हणतात. पॉलिश पेपर घेताना एक उलटा हिशेब असतो: त्यावरचा आकडा जितका मोठा, तितका कागद जास्त ‘फाइन’. 60 नंबरचा भरड, 400 नंबरचा बारीक.

सूक्ष्मदर्शकाला दोन गोल खुंट्या असतात. ‘कोर्स’ खुंटीने भिंग झपाट्याने वर-खाली होतं. ‘फाइन’ खुंटीने अगदी किंचित, चित्र स्पष्ट करण्यापुरतं. स्क्रूच्या आट्यांतही ही जोडी आहे. 8 मिलिमीटरच्या नेहमीच्या मेट्रिक बोल्टवर दोन आट्यांमधलं अंतर 1.25 मिलिमीटर असतं, त्याच्या ‘फाइन’ प्रकारात 1 मिलिमीटर. पहिला बोल्ट दुसऱ्याच्या नटात बळजबरीने फिरवला तर आटे खराब होतात, म्हणून खरेदी करताना हा शब्द वाचायलाच हवा.

पेनाच्या निबवर ‘फाइन’चा विरुद्ध शब्द ‘ब्रॉड’. लहान मुलांच्या वाढीबद्दल वाचताना ‘फाइन मोटर स्किल्स’ भेटतात: बोटांची बारीक कामं, जसं मणी ओवणं, बटण लावणं, पेन्सिल धरणं. तिथे विरुद्ध शब्द ‘ग्रॉस’, म्हणजे धावणं, उडी मारणं अशा मोठ्या स्नायूंच्या हालचाली. या ‘ग्रॉस’चा किळसवाण्या ‘ग्रॉस’शी काही संबंध नाही.

केसांच्या बाबतीत पुष्कळांची गल्लत होते. ‘फाइन हेअर’ म्हणजे एकेक केस बारीक. ‘थिन हेअर’ म्हणजे केस विरळ. एखाद्याचे केस ‘फाइन’ असूनही भरपूर असू शकतात. केशतज्ज्ञाला किंवा डॉक्टरला सांगताना चुकीचा शब्द गेला तर सल्लाही चुकीचा मिळतो.

क्रिकेटमध्ये ‘फाइन’चा विरुद्ध शब्द ‘स्क्वेअर’. फलंदाजाच्या मागे, यष्ट्यांच्या सरळ रेषेच्या जितकं जवळ, तितकं ‘फाइन’. म्हणून ‘फाइन लेग’ हा क्षेत्ररक्षक फलंदाजाच्या लेग बाजूला, मागे, त्या रेषेजवळ उभा असतो. ‘ही ग्लान्स्ड इट फाइन’ म्हणजे चेंडू त्याने छान नव्हे, तर अगदी मागच्या कोनात वळवला.

आणि सोन्यात ‘फाइन’ म्हणजे शुद्ध. हजार भागांत किती भाग शुद्ध सोनं आहे हे ‘फाइननेस’ सांगते. 22 कॅरेट म्हणजे 24 पैकी 22 भाग, हजारात साधारण 916. दागिन्यावरचा 916 हा आकडा तिथूनच येतो.

‘शेवटाला नेलेलं’ हा धागा धरला तर उत्तम, शुद्ध आणि बारीक हे अर्थ एकाच शब्दात कसे आले ते समजतं. लॅटिनमध्ये ‘फिनिस’ म्हणजे शेवट, सीमा. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘फिन’ आला: पूर्णत्वाला नेलेलं, परिष्कृत. शेवटपर्यंत गाळलेलं ते शुद्ध, शेवटपर्यंत दळलेलं ते बारीक, शेवटपर्यंत घडवलेलं ते उत्तम.

मग दंडाचा ‘फाइन’?

तोही त्याच ‘फिनिस’चा वंशज. मध्ययुगात एखादं प्रकरण कायमचं मिटवण्यासाठी पैसे भरत, त्या मिटवण्याला हे नाव पडलं आणि पुढे ते दंडाला चिकटलं. तो विशेषण नाही, नाम आणि क्रियापद आहे. ओळखायची खूण अशी की त्याच्या आसपास ‘पे’, ‘फॉर’ किंवा एखादी रक्कम असते. पाटीवर ‘फाइन फॉर पार्किंग’ असेल तर गाडी लावू नका. ती परवानगी नाही. ‘ही वॉज फाइन्ड’ म्हणजे त्याला दंड झाला. हा ‘फाइन्ड’ आणि ‘सापडणे’चा ‘फाइन्ड’ उच्चाराने तंतोतंत सारखे आहेत; फरक वाक्यावरूनच कळतो.

‘फाइन’ की ‘फाइनली’

क्रियाविशेषण करायला शेवटी ‘ली’ जोडायचा, हा नियम इथे अर्धाच चालतो. ‘नीट, व्यवस्थित’ म्हणायचं असेल तर ‘ली’ नको: ‘द प्रिंटर वर्क्स फाइन’, ‘शी इज डूइंग फाइन’. ‘द प्रिंटर वर्क्स फाइनली’ हे चूक. शिवाय ऐकणाऱ्याला तो ‘एकदाचा चालला’ या अर्थाचा दुसराच शब्द वाटेल. त्याचं स्पेलिंग वेगळं आहे, त्यात एन आणि वाय यांच्यामध्ये ए आणि दोन एल येतात.

‘बारीक’ म्हणायचं असेल तेव्हा मात्र ‘ली’ हवाच: ‘फाइनली चॉप्ड’ म्हणजे बारीक चिरलेलं, ‘फाइनली ग्राउंड’ म्हणजे बारीक दळलेलं. ‘फाइनली बॅलन्स्ड’ म्हणजे पारडं कुठेही झुकेल इतकं तोलून धरलेलं.

काही पक्क्या जोड्या

‘फाइन प्रिंट’ म्हणजे करारातला बारीक अक्षरांतला मजकूर. ब्रिटिश इंग्रजीत त्यालाच ‘स्मॉल प्रिंट’ म्हणतात. ‘फाइन लाइन’ म्हणजे दोन गोष्टींमधली धूसर, नाजूक सीमारेषा. ‘फाइनर पॉइंट्स’ म्हणजे बारकावे. ‘कटिंग इट फाइन’ म्हणजे वेळ अगदी काठावर आणणं, गाडी सुटायला दोन मिनिटं असताना पोहोचणं. ‘नॉट टू पुट टू फाइन अ पॉइंट ऑन इट’ ही लांबलचक सुरुवात आली की पुढे काहीतरी रोखठोक येणार हे समजावं. आपल्या ‘स्पष्टच बोलायचं तर’सारखी ती आहे. ‘अ फाइन मेस’ आणि ‘अ फाइन फ्रेंड यू आर!’ यांत ‘फाइन’ उपरोधाचा आहे, शब्दशः घेऊ नये.

‘वन फाइन डे’बद्दल सावध राहावं. ‘एके दिवशी’ला आपण सर्रास हा शब्दप्रयोग वापरतो, अगदी वाईट बातमीतसुद्धा: ‘वन फाइन डे ही मेट विथ अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट.’ ऐकणाऱ्याला त्या ‘फाइन’मध्ये गोष्टीतला सुरस दिवस किंवा कडवटपणा ऐकू येतो. साधं ‘वन डे’ लिहावं. हवामानाबद्दल ‘अ फाइन डे’ बरोबर आहे, म्हणजे स्वच्छ, कोरडा, ऊन असलेला दिवस. मात्र निरोप घेताना ‘हॅव अ फाइन डे’ नव्हे, ‘हॅव अ नाइस डे’.

पडताळून पाहा

खालच्या वाक्यांची उत्तरं झाकून अर्थ लावा. जागा, नाम, ‘व्हेरी’ आणि सूर या क्रमानेच जा.

1. ‘नो मोअर राइस, आय अ‍ॅम फाइन.’ आणखी भात नको.
2. ‘देअर इज अ फाइन क्रॅक इन द ग्लास.’ काचेला केसासारखी बारीक चीर गेली आहे.
3. ‘शी विल बी फाइन.’ तिला बरं वाटेल, काळजी करू नका. डॉक्टरांच्या तोंडी हे दिलाशाचं वाक्य असतं.
4. ‘द पावडर इज फाइन, बट नॉट फाइन इनफ.’ पावडर बारीक आहे, पण पुरेशी नाही. इथे ‘इनफ’ने मोजमाप आलं, म्हणून ‘ठीक’ हा अर्थ बाद.
5. ‘फाइन. डू इट युअर वे.’ चिडून सोडून दिलं आहे. लगेच कामाला लागण्याआधी एकदा बोलून घ्या.